गाडी सुरू होते आणि दोन सेकंदात बंद पडते, उद्या सकाळी निघायचंय, लवकर सांगा

तासगावचा_पोरगा (संध्या. ७:४२)
मंडळी अर्जंट आहे. चावी मारली की गाडी सुरू होते, एक-दोन सेकंद चालते आणि गप. परत मारली की परत तेच. बॅटरी गेल्या दिवाळीत नवीन टाकलीय त्यामुळे बॅटरी बघा असं कृपया कुणी सांगू नका. पेट्रोल अर्धी टाकी आहे. काल दुपारपर्यंत मस्त चालत होती. उद्या सकाळी ९ ला मिरजेत आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, एसटीनं नेता येणार नाही. आमचा मेकॅनिक भाचीच्या लग्नाला गेलाय. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिथला माणूस गाडी न बघताच म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असणार, टो करून आणा, २५-३० हजार धरून चाला. काय करू सांगा.

पंपवाले_काका (७:५१)
बॅटरी बघा. नवीन आहे म्हणजे चांगली आहे असं नसतं. टर्मिनलवर पांढरी भुकटी जमली असेल तर गरम पाणी ओता.

तासगावचा_पोरगा (७:५३)
काका 🙏 वरची ओळ वाचा की. स्टार्टर दणकून फिरतोय.

इ२०_ग्रस्त (७:५८)
हे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं काम आहे. मी दीड वर्ष ओरडतोय पण ऐकतं कोण. टाकीत पाणी धरलं की असंच होतं, सुरू होणार आणि मरणार. सगळं पेट्रोल काढून टाका, फिल्टर बदला.

नाशिक_ऑटोइलेक्ट्रिक (८:०४)
दादा कुठली गाडी, कुठल्या सालची, पेट्रोल की डिझेल, डॅशबोर्डवर कुठले दिवे लागलेत हे लिहा आधी. यातलं काहीच नाही धाग्यात, सगळे अंधारात काठ्या मारतायत.

तासगावचा_पोरगा (८:०९)
पेट्रोल आहे हे लिहिलंय वर. हॅचबॅक, २०१३ ची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मागच्या धाग्यात लिहिलं तर दोन दिवस कुठली कंपनी भारी यावरच हाणामारी झाली आणि माझा वायपर शेवटपर्यंत बंदच राहिला. दिवे नेहमीचेच आहेत.

वायरमन_४२० (८:१३)
फ्यूएल पंपाचा रिले, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच. डोळे झाकून सांगतो. पेटीतला हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघा, बहुतेक गाड्यांत सारखाच असतो.

नाशिक_ऑटोइलेक्ट्रिक (८:१६)
डोळे झाकून सांगू नका हो. @तासगावचा_पोरगा, "नेहमीचेच" म्हणजे काय? चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका, डॅशबोर्डचा फोटो टाका.

तासगावचा_पोरगा (८:२४)
रिले बदलून बघितला, फरक नाही. आणि आता हॉर्न पण वाजत नाहीये. फोटो टाकलाय.

नाशिक_ऑटोइलेक्ट्रिक (८:२७)
हॉर्नचा रिले नीट दाबून बसवा परत. आणि फोटोत डावीकडे कोपऱ्यात गाडीच्या चित्रात कुलूप लुकलुकतंय ते नेहमीचं आहे?? ते इमोबिलायझर आहे. गाडी तुमची चावी ओळखत नाहीये. ईसीएम गेला नाही, ईसीएम त्याचं काम चोख करतोय. चावी कुठली वापरताय, डुप्लिकेट करून घेतलीय का?

तासगावचा_पोरगा (८:३०)
नाही हो, ओरिजिनलच आहे. रिमोटनं दारं उघडतायत, लागतायत, इंडिकेटर पण लुकलुकतात. चावीचा काही प्रश्न नाही, प्लीज भलतीकडे नेऊ नका, वेळ नाहीये.

पंपवाले_काका (८:३३)
रिमोटचा सेल बदला. सीआर २०३२. बॅटरीच म्हणत होतो मी.

नाशिक_ऑटोइलेक्ट्रिक (८:४१)
काका रिमोटच्या सेलचा आणि याचा संबंध नाही. सविस्तर लिहितो एकदाच. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात दोन वेगळी यंत्रं असतात. एक रिमोट, तो सेलवर चालतो, त्याचं काम दारापुरतं. दुसरी ट्रान्सपाँडर चिप, तिला सेल नसतोच. इग्निशनच्या भोकाभोवती प्लास्टिकच्या कड्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, चावी ऑन केली की ते साधारण १२५ किलोहर्ट्झवर चिपला लांबूनच करंट पाजतं, चिप जागी होते, आपली ओळख सांगते आणि ती ईसीएमला पटली तरच तो इंजिन चालू ठेवतो. नाही पटली तर पेट्रोल तोडतो. काही गाड्या सुरूच होत नाहीत, काही तुमच्यासारख्या दोन सेकंद धावून मरतात. दारं उघडतात म्हणजे चावी बरोबर असं अजिबात नाही. आता प्रश्न एवढाच की कडं गेलंय, कड्याची वायर निघालीय की चिप. चावी पडली होती का कुठे? पाण्यात?

जर्सीकर (८:४६)
माहितीत भर. युरोपात ९० च्या दशकाच्या शेवटी नव्या गाड्यांना हे सक्तीचं झालं. इकडे अमेरिकेत सक्ती नाही, त्यामुळे दोन कोरियन कंपन्यांनी वर्षानुवर्षं लाखो गाड्या बिनचिपच्याच विकल्या आणि मग २०२२ मध्ये पोरं यूएसबी केबलच्या टोकानं त्या गाड्या चोरायचे व्हिडिओ टाकायला लागली. माझ्या शेजाऱ्याची गेली, दोन गल्ल्या सोडून काच फुटलेली सापडली.

इ२०_ग्रस्त (८:४९)
सगळीकडे चिपच चिप. टोलच्या फास्टॅगात चिप, एटीएम कार्डात चिप, सिममध्ये चिप, आता चावीत पण. आपण कुठे जातो सगळं कुणाला तरी कळत असणार. २००० च्या नोटेत पण होतीच.

मी_फक्त_वाचतो (८:५२)
नोटेत नव्हती हो चिप. नोव्हेंबर २०१६ चं ते व्हॉट्सॲप अजून सोडलं नाहीत? जमिनीखाली १२० मीटरवरून सिग्नल देते म्हणे. नोट परत गेली, तुमची चिप काही गेली नाही. फास्टॅगमध्ये मात्र आहे, ती काचेवरच्या स्टिकरात, टोलच्या अँटेनासमोर आल्याशिवाय ती पण झोपलेलीच असते.

गोठा_आणि_बरंच_काही (८:५५)
आमच्या म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला मारलाय सरकारनं, त्यात पण चिप असते का? चुलता म्हणतो म्हैस चोरीला गेली की मोबाईलवर दिसते.

मी_फक्त_वाचतो (८:५७)
नाही. त्यावर १२ अंकी नंबर आणि बारकोड असतो फक्त. म्हैस हरवली तर चुलत्यालाच शोधावी लागेल.

तासगावचा_पोरगा (८:५९)
मंडळी म्हशीचा वेगळा धागा काढा ना. आई दर पाच मिनिटांनी विचारतेय झाली का गाडी. @नाशिक, चावी पडली नाही, भिजली नाही. काल फक्त कव्हर बदललंय.

नाशिक_ऑटोइलेक्ट्रिक (९:००)
काल???

कोथरूडची_सुगरण (९:०२)
अहो दादा तेच तर! आमच्याकडे डिट्टो झालेलं. जुन्या कव्हराची बटणं फाटली म्हणून मिस्टरांनी ऑनलाइन अडीचशेचं नवीन मागवलं, स्क्रू काढून रिमोटची हिरवी पट्टी इकडून तिकडे टाकली, पातं लावलं, खूश. दारं उघडतात, गाडी बंद. दोन दिवस टॅक्सीनं ऑफिसला गेले, आणि चिप कुठे, तर जुन्या कव्हरात एका कोपऱ्यात चिकटवलेली, हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा तुकडा, प्लास्टिकचाच भाग वाटतो. आणि जुनं कव्हर आमच्या लेकीच्या भातुकलीत. ती द्यायला तयार नव्हती, आइस्क्रीम द्यावं लागलं. तुमचं जुनं कव्हर कुठे आहे ते बघा आधी, बाकी सगळं नंतर.

नाशिक_ऑटोइलेक्ट्रिक (९:०५)
१००%. ताईंना दंडवत. काही मॉडेलमध्ये चिप रिमोटच्या पट्टीवरच असते तेव्हा हा घोळ होत नाही, पण बऱ्याच गाड्यांत वेगळी असते. कुणी बदललं कव्हर?

तासगावचा_पोरगा (९:०८)
स्टँडसमोरचा चावीवाला. जुनं त्याच्याकडेच राहिलं, मी म्हणलं टाकून द्या. १५० घेतले त्यानं. आता दुकान बंद असणार 😭

वायरमन_४२० (९:११)
कशाला शोधताय. इमोबिलायझर बायपास करून टाका, आमच्याकडे एक पोरगा लॅपटॉप लावून अर्ध्या तासात करतो, कायमची कटकट जाते.

नाशिक_ऑटोइलेक्ट्रिक (९:१४)
आणि उद्या गाडी चोरीला गेली की इन्शुरन्सवाला दोन्ही चाव्या मागणार, गाडीत केलेले उद्योग तपासणार, तेव्हा तुमचा पोरगा येणार का लॅपटॉप घेऊन? ज्या कुलपानं गाडी वाचते तेच काढायचं?

वायरमन_४२० (९:१६)
९८ ची आमची जीप नुसत्या स्क्रू ड्रायव्हरनं सुरू व्हायची, कुणी नेली नाही.

जर्सीकर (९:१८)
कुणाला नकोच असेल.

पुणे३० (९:२३)
चिपचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये रिमोट दाबला की आमचा हॉलचा पंखा बंद होतो. दोघांकडे एकाच कंपनीचे ते कमी विजेचे २८ वॅटवाले. उपाय?

मी_फक्त_वाचतो (९:२५)
दार लावून घ्या.

तासगावचा_पोरगा (१०:३१)
झालं!!! बाकी शिव्या घाला पण आधी ऐका. चावीवाल्याच्या शटरवर नंबर होता, जेवत होता बिचारा, उठून आला. त्यानं लाकडी खोक्यातला पत्र्याचा डबा पालथा केला तर त्यात चाळीसेक जुनी कव्हरं, सगळी काळी, सगळी सारखीच, त्यातली पाच-सहा तर माझ्याच मॉडेलची. आपलं कसं ओळखलं सांगू का, दसऱ्याला आई गाडीची पूजा करते तेव्हा चावीला पण हळदकुंकू लावते, बटणांच्या फटीत अजून पिवळं होतं. चिप आतच होती. त्याला म्हणलं काका चिप टाकायची राहिली, तर तो म्हणतो तुम्ही दारं उघडून बघितली की माझ्यासमोर, चालू म्हणालात.

जुनं कव्हर तसंच नवीन चावीच्या डोक्याला रबर बँडनं बांधलं, चावी मारली, कुलूप एकदा लुकलुकलं आणि विझलं. पंधरा मिनिटं चालू ठेवली, काही प्रॉब्लेम नाही. हॉर्न पण वाजतोय.

कोथरूडची_सुगरण (१०:३४)
छान झालं! आईंना शुभेच्छा. थेंब वेळेवर घाला, दर दोन तासांनी, विसरू नका, माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही भिंतीवर तक्ता लावला होता.

नाशिक_ऑटोइलेक्ट्रिक (१०:३८)
उद्या असंच जा, घाईत चिप उकरायला जाऊ नका. काही चिप काचेच्या नळीतल्या असतात, पकडीनं धरली की चुरा. आल्यावर ब्लेडनं हळूच काढून नवीन कव्हरात त्याच जागी फेविक्विकच्या एका थेंबावर बसवा. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी ठेवू नका, कधीकधी गोंधळ होतो. आणि तुमची दुसरी ओरिजिनल चावी शोधून ठेवा, ती हरवलीय का?

तासगावचा_पोरगा (१०:४१)
नाही, ती आहे ना. कपाटात लॉकरमध्ये.

नाशिक_ऑटोइलेक्ट्रिक (१०:४२)
...

मी_फक्त_वाचतो (१०:४२)
दुसरी चालू चावी घरातच होती????

तासगावचा_पोरगा (१०:४५)
अहो कुणी विचारलंच नाही. आणि तिला रिमोट नाही, साधी आहे, मला वाटलं ती फक्त दारापुरती.

पंपवाले_काका (स. ६:१०)
सुप्रभात. सगळा धागा वाचला नाही पण बॅटरीवर वॉरंटी असेल तर कार्ड शोधा.

तासगावचा_पोरगा (स. ८:४७)
मिरजेत पोचलो, आईला आत नेलंय. एक प्रश्न. हॉस्पिटलचा पार्किंगवाला चावी ठेवून जा म्हणतोय, गाड्या मागेपुढे करायला. रबर बँड बघून विचारतोय हे काय आहे. काढून देऊ का?

कोथरूडची_सुगरण (८:४९)
काढू नका! कपाटातली दुसरी चावी आणलीय ना? ती द्या.

तासगावचा_पोरगा (८:५०)
घरी राहिली.