दात तुटला, डॉक्टर सोमवारी: मधल्या वेळात काय?

गोदाकाठची
संक्रांतीची चिक्की डब्यात भरताना कपाटाच्या कोपऱ्यात लवंगेच्या तेलाची जुनी बाटली सापडली. झाकण उघडलं आणि घरातल्या सगळ्या दाढदुखीच्या रात्री एकदम नाकात शिरल्या. म्हणून हा धागा.

दात शनिवारी रात्रीच तुटतो. गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत दर चौकात दातांचा दवाखाना आहे, पण रविवारी बहुतेक शटरं खाली. तोवर काय करायचं आणि काय केल्याने जास्त बिघडतं ते लिहा. "डॉक्टरांना दाखवा" एवढंच लिहू नका, तेवढं कळतं.

सुरुवात मी करते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, हळूच फिरवून थुंकायचं. खळखळून नाही, धरलेलं रक्त परत सुटतं. रक्त येत असेल तर गॉजची घडी ओली करून चावून धरायची, घड्याळ लावून १५ मिनिटं. दर मिनिटाला काढून बघितलं की पहिल्यापासून मोजायचं. गॉज नसेल तर सुती रुमाल. कापूस नको, तंतू अडकतात.

पटाशी
आधी तुटलंय किती ते बघा, बाकी सगळं त्यावर आहे. आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घ्या. नुसता पांढरा कोपरा उडालाय आणि कळ नाही, तर फक्त इनॅमल गेलंय. सोमवार काय, बुधवार चालेल. आत पिवळसर भाग दिसतोय आणि गार पाण्याने किंवा गोडाने सण्णकन कळ जाते, तर डेंटिन उघडं पडलंय. झाकून ठेवायचं आणि एक-दोन दिवसांत जायचं. मधोमध लाल किंवा गुलाबी ठिपका दिसतोय, तिथून रक्त झिरपतंय, तर नस उघडी आहे. मग रविवारीसुद्धा उघडा दवाखाना शोधायचा. लहान मुलांच्या पक्क्या दाताचं मूळ पुरतं बनलेलं नसतं, त्यांची नस लवकर गेलं तर पुष्कळदा वाचवता येते. उशीर केला की रूट कॅनॉल.

आणि तुकडा फेकू नका!! समोरच्या दाताचा तुकडा पुन्हा चिकटवता येतो. डबीत दूध किंवा सलाइन घालून त्यात ठेवा, काहीच नसेल तर साधं पाणी. कागदात गुंडाळून कोरडा नेला की खडूसारखा पांढरा पडतो, बाकीच्या दाताशी रंग जुळत नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
चिक्की कुठली ते लिहिलंच नाही ताई

गोदाकाठची
घरची आहे. तुटण्याची खात्रीशीर.

जुनं_ते_सोनं
लवंग तेलात कापूस भिजवायचा, दातात दाबायचा, झोपायचं. एवढा मोठा धागा कशाला

कंपाउंडर
काका, तिथेच तर घोळ होतो. लवंगेतल्या युजेनॉलने नस बधिर होते हे खरं, पण तेच निर्जळ तेल हिरडीवर पसरलं की हिरडी भाजते. सकाळी पांढरा चट्टा, आणि लोक म्हणतात इन्फेक्शन झालं. एक थेंब लवंग तेल, चार-पाच थेंब खोबरेल, कान कोरायच्या काडीच्या टोकाला लावून फक्त दाताच्या खड्ड्यात टेकवायचं. मिनिटभराने थुंकायचं. दिवसातून दोन-तीनदा, बास. लहान मुलांना नको, गिळलं तर विषारी आहे. रक्त झिरपणाऱ्या नसेवर तर अजिबात ओतू नका.

आणि डॉक्टरांना सांगा की लवंग तेल लावलंय. दाताच्या रंगाचं जे फिलिंग निळ्या लाइटने सुकवतात, ते युजेनॉल शिल्लक असलं की नीट घट्ट होत नाही. दवाखान्यात जो वास येतो तो याचाच, तात्पुरत्या सिमेंटमध्ये झिंक ऑक्साइडबरोबर तेच असतं.

जुनं_ते_सोनं
बरं. खोबरेलचं माहीत नव्हतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताशेजारी धरतात ती?

कंपाउंडर
नाही नाही नाही. ते आम्ल आहे, गालाची आतली कातडी सोलून निघते. शिवाय अ‍ॅस्पिरिनने रक्त थांबायला वेळ लागतो. मुलांना तर द्यायचीच नाही.

गोळी पोटातून. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत ६ तास, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. आयबुप्रोफेन ४०० जेवणानंतर, दिवसात तीनच्या वर नाही. अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, यांत आयबुप्रोफेन टाळा. दारू रोजची असेल किंवा लिव्हर अधू असेल तर पॅरासिटामॉलसुद्धा विचारून. पावसाळ्यात दाताबरोबर अंगात ताप असेल तर डेंग्यूची शक्यता धरून नुसतं पॅरासिटामॉल. लोक चुकतात ते इथे: कॉम्बिफ्लाममध्ये ४०० आयबुप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामॉल दोन्ही असतं, वर पुन्हा ६५० ची पॅरासिटामॉल घेतात आणि हिशोबात धरत नाहीत. रक्त पातळ करायची चालू गोळी मात्र दातासाठी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मेडिकलवाल्याकडून तीन दिवसांचं अँटिबायोटिकही आणू नका. उघड्या नसेची कळ त्याने थांबत नाही.

निफाडची_थंडी
गारवा लागून कळ येत असेल तर जानेवारीत आमच्याकडे पहाटे तोंड उघडून बोलूही नये 😄 गाडीवर तोंडाला रुमाल, नाकाने श्वास. डेंटिनला बारीक नळ्या असतात, गार वाऱ्याने त्यातलं पाणी हलतं आणि नसेला कळतं. झाकलं की निम्मी कळ कमी.

मेणबत्ती
झाकायला तारा लावलेल्या मुलांना देतात ते मेण बेस्ट. मोठ्या मेडिकलमध्ये डबी मिळते. दात आधी कापसाने कोरडा करायचा, नाहीतर चिकटतच नाही, इथेच सगळे हरतात. ज्वारीच्या दाण्याएवढं मेण बोटात मऊ करून धारेवर दाबायचं. जीभ कापायची थांबते. मेण नसेल तर बिनसाखरेचं च्युइंगम चघळून तेच बसवा, साखरेचं नको, कळ वाढते. जेवताना काढायचं, नंतर नवं.

कानशीने किंवा नेलफाइलने धार घासू नका. तडा आत किती गेलाय ते वरून दिसत नाही.

फिरस्ता
फेविक्विक?

मेणबत्ती
🙏🙏

पटाशी
फेविक्विक लावताना गरम होतं, हिरडीला चिकटतं, आणि नंतर डॉक्टरांना तुकडा किंवा कॅप जागेवर बसवता येत नाही कारण मध्ये थर राहतो. निघालेली कॅप धुऊन डबीत ठेवा. अगदीच लग्नाला जायचंय तर आत टूथपेस्टचा ठिपका देऊन बसवा, पण जेवताना आणि झोपताना काढायची. झोपेत घशात गेली तर वेगळाच कार्यक्रम.

त्र्यंबकरोड
मुलांचा खेळताना अख्खाच दात मुळासकट निघाला तर? शाळेसाठी सूचना लिहून लावायच्या आहेत. थोडक्यात द्या कुणीतरी.

कंपाउंडर
दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताच्या कोंबाला इजा होते. पक्का असेल तर घड्याळाशी शर्यत.

उचलताना पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने जेमतेम १० सेकंद धुवा. घासायचं नाही, साबण नाही, पुसायचं नाही. मुळावरचा पातळ पापुद्रा जिवंत राहिला तरच दात परत धरतो. मूल शुद्धीत आणि शांत असेल तर खड्ड्यात बसवून रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर पेल्यात दूध घालून त्यात दात. पिशवीतलं थंड चालतं, उकळून गार केलेलं चालतं, गरम नाही. पाण्यात तो पापुद्रा लवकर मरतो, पण रुमालात कोरडा नेण्यापेक्षा पाणी बरं. अर्ध्या तासात खुर्चीवर पोचलात तर उत्तम, तासाभराने आशा कमी होत जाते. रस्त्यावर पडून लागलं असेल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला ५ वर्षं उलटली असतील तर तेही.

बेशुद्ध झालं, उलट्या होतायत, दातांची बैठक जुळत नाही, तर दात राहू दे खिशात, आधी मोठं हॉस्पिटल.

त्र्यंबकरोड
आभार. प्रिंट काढतो. शाळेच्या फ्रीजमध्ये दुधाची पिशवी ठेवा म्हणून सांगतो, स्टाफचा चहा पण होईल.

गोदाकाठची
तुकडा सापडलाच नाही तर ओठ आतून चाचपून बघा, ओठ फाटला असेल तर पुष्कळदा त्यातच रुतलेला असतो. आणि ठसका, शिट्टीसारखा श्वास सुरू झाला तर तुकडा श्वासनलिकेत गेला असेल, छातीचा एक्सरे, वाट बघायची नाही.

दोन_उशा
आडवं पडलं की डोक्याकडे रक्त वाढतं आणि ठणका दुप्पट. दोन उशा घ्या. बर्फ रुमालात गुंडाळून बाहेरून गालावर, १० मिनिटं ठेवा, १० मिनिटं काढा. दातावर नाही. शेक घेऊ नका, पू असेल तर सूज पसरते.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
रविवारी मिसळ खावी का नको, मुद्द्यावर या

निफाडची_थंडी
तर्री जखमेत गेली की समजेल. मऊ भात, मुगाची खिचडी, दहीपोळी कुस्करून. कोमट. दुसऱ्या बाजूने चावा. ब्रश बंद करू नका, मऊ ब्रशने हळू. मिश्री मात्र बंद, कळ थोडी दबते म्हणून आयाबाया लावतात, पण तंबाखूने जखम भरत नाही.

पटाशी
रूट कॅनॉल करून कॅप न बसवलेली दाढ तुटली की दुखत नाही, म्हणून लोक महिनोन्‌महिने तशीच ठेवतात. नस नसते, कळ कुठून येणार! पण तुटक्या बाजूने लाळ मुळात झिरपते आणि सगळं काम पुन्हा. हिरडीखाली उभी चीर गेली तर काढायचीच वेळ. न दुखणारी दाढही त्याच आठवड्यात दाखवा.

कंपाउंडर
आणि एक, गमतीतलं नाही. जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सूज चढतेय, तोंड दोन बोटंही उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळतेय, आवाज बदललाय, ताप आहे, यातलं काहीही असेल तर सोमवारपर्यंत नाही. त्याच रात्री हॉस्पिटल, श्वासनलिका दाबली जाऊ शकते. डायबेटिसवाल्यांनी तर जास्तच.

फिरस्ता
सोमवारी स्वस्तात कुठे?

त्र्यंबकरोड
पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, सिव्हिललाही दातांचा विभाग आहे. केसपेपरसाठी सकाळी लवकर जा. तुकड्याची डबी आणि घेतलेल्या गोळ्यांची पट्टी बरोबर न्या.

जुनं_ते_सोनं
अवांतर: चिवड्यातल्या तळलेल्या डाळीने तुटतो का?

दोन_उशा
एखादी न फुललेली डाळ पुरते. चावताना नाही, दात उचलताना कळ आली तर तडा समजा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
चिवडा पण गेला. चिक्की पाठवा ताई, भिजवून खातो.