मदत हवी आहे: काजूचा हंगाम, माकडताप आणि बागेत कामाला येणारी माणसं

नमस्कार. दोडामार्ग तालुक्यात आमची काजूची बाग आहे. मी नोकरीसाठी ठाण्यात असतो, बाग काका बघतात. बी पडायला लागलीय आणि परवा बागेच्या वरच्या अंगाला माकड मरून पडलेलं दिसलं. २०१६ साली आमच्याच तालुक्यात केर गावात माकडतापाची साथ आली होती, त्यामुळे काळजी वाटते.

बी वेचायला वाडीतल्या सात-आठ बायका येतात. पातेऱ्यात (सुक्या पानांच्या थरात) हात घालून बोंडू (काजूची फळं) उचलायचे, मग झाडाखालीच बसून बी पिरगाळून काढायची, असं दिवसभर चालतं. काकांचं म्हणणं, "भातात उतरताना लेप्टोची गोळी घेतो, तशी हेची पण असतली, येताना घेवन ये."

अशी गोळी किंवा लस आहे का? काम थांबवावं का? थांबवलं तर बायकांची मजुरी बुडते आणि बी कुजते.

प्रतिसाद – घाटवाट

गोळी नाही. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप जीवाणूमुळे होतो, म्हणून तिथे डॉक्सीसायक्लिनची गोळी चालते. माकडताप विषाणूचा, गोचिडी चावून होणारा, त्याच्यावर तिचा उपयोग शून्य. काकांना हे नीट सांगा, नाहीतर गोळी घेतली म्हणून माणसं निर्धास्त फिरतील. कर्नाटकात पूर्वी लस द्यायचे, पण तिचा फारसा उपयोग होईना म्हणून ती बंद झाली.

मेलेल्या माकडाला कुणीही हात लावू नका. आजच प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात, खरा धोका त्या जागेला. तिथे मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारतात. तेवढा तुकडा यंदा सोडून द्या, बाकीची बाग चालू ठेवता येईल का हे आरोग्य केंद्राला विचारून ठरवा.

प्रतिसाद – पानवेल

पातेरा जाळून टाका की सगळा. आणि एवढं घाबरवू नका, पिढ्यान्‌पिढ्या लोक काजू वेचतायत.

प्रतिसाद – घाटवाट

फेब्रुवारी-मार्चात काजूत आग लावायची? बाग जाईल. झाडाखालचा पातेरा लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढून घ्या.

पिढ्यान्‌पिढ्या म्हणाल, तर हा रोग ओळखला गेलाच १९५७ साली, शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात. गोव्यात सत्तरीतल्या पाळीमध्ये २०१५ मध्ये साथ आली तेव्हाही काजूत काम करणारेच आजारी पडले. लागण झालेल्यांपैकी शंभरात साधारण ३ ते ५ दगावतात. माणसाला बहुतेक वेळा चावतात त्या गोचिडीच्या तिळाहून बारीक पिल्ली. त्यांचा सुकाळ नेमका काजूच्या हंगामात, आणि बायका बसतात जमिनीवर. मालक उभ्याउभ्या देखरेख करून घरी जातो, त्याला काय होणार!

गुरं बागेत सोडू नका, त्यांच्या अंगावरून गोचिडी येतात. बायकांना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायजमा मोज्यात खोचून, बसायला पाट किंवा स्वच्छ प्लास्टिक. उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी किंवा डेपा तेल, आरोग्य केंद्रात विचारा. घरी गेल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि कानामागे, काखेत, कमरेला बघायचं.

प्रतिसाद – सरकारी दवाखाना

मी डॉक्टर आहे, दोन शब्द. अचानक कडक ताप, कपाळ फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, उलट्या, लाल डोळे दिसले तर दुखणं अंगावर काढू नका. पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाची भीती असते. आरटीपीसीआर चाचणीत विषाणू पहिल्या काही दिवसांतच नीट सापडतो. ताप उतरून आठवडा-दोन आठवड्यांनी काहींना परत चढतो, तेव्हाही या.

आणि डॉक्टरला पहिलं वाक्य "काजूत कामाला जाते" हे सांगा. ताप सगळ्यांचा सारखाच दिसतो. भातलावणीवाल्यात मी लेप्टो शोधतो, गुरांच्या डॉक्टरात ब्रुसेलोसिस (जनावरांकडून लागणारा ताप), दगडखाणीवाल्याचा खोकला असेल तर क्षय, कारण सिलिकाच्या धुळीने फुफ्फुस आधीच पोखरलेलं असतं. कुणी विचारलंच नाही तर हंगामी ताप म्हणून घरी पाठवतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आरोग्य केंद्राला फोन झाला, उद्या माणसं येतायत. वरचा तुकडा सोडला, तिथल्या बीचं नुकसान आमचं, बायकांची हजेरी कापणार नाही असं काकांकडून कबूल करून घेतलंय.

एक अडचण उरलीय. तेल लावलेल्या हाताने दुपारचा डबा खाता येत नाही आणि बागेत पाणी नाही. कॅनने पाणी चढवायचं की कोपरापर्यंतचे हातमोजे द्यायचे? मोज्यांनी बी पिरगाळता येते का? कुणी वापरून बघितलेत?