जो मॅडनचं 'थँक्समस': बेघरांना मदत की मनाचं समाधान?

खेळिया
बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा कोच आणि कॅप्टन, निम्मा निम्मा. जो मॅडन त्यातला नावाजलेला. २०१६ मध्ये शिकागो कब्ज संघाला १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकून दिलं ते यानेच. मला मात्र त्याचं कौतुक दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. २००६ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा बेचा संघ हाती आला, त्याच वर्षी त्याने त्या भागातल्या बेघर निवाऱ्यांत जेवणं घालायला सुरुवात केली. थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा सण) आणि ख्रिसमसच्या मधले दिवस धरले, म्हणून नाव 'थँक्समस'. स्वतः रांधायचा, वाढायला उभा राहायचा. स्पॅगेटी, सॉसेज, पिरोगी (सारण भरलेले पोलिश मोदकच म्हणा). वडील इटालियन वंशाचे, आई पोलिश, त्यामुळे मेनू घरचाच. शिकागोला गेल्यावरही हे सोडलं नाही. चेक फाडून मोकळे होणाऱ्यांपेक्षा हा माणूस मोठा. पटतंय?

तिरकस
नाही पटत. एका जेवणाने कुणाच्या डोक्यावर छप्पर आलं? त्याच हिवाळ्यात, जानेवारी २००७ मध्ये, त्याच भागातल्या सेंट पीटर्सबर्ग शहराच्या पोलिसांनी बेघरांचे तंबू कटरने टराटरा फाडले. व्हिडिओ देशभर फिरला. आणि मॅडनचा संघ जिथे खेळायचा ते ट्रॉपिकाना फील्ड कुठे उभं आहे? गॅस प्लांट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या जागेवर. नोकऱ्या येतील, परवडणारी घरं होतील असं सांगून शेकडो कुटुंबं उठवली. आलं काय, तर स्टेडियम.

खेळिया
अहो, ते स्टेडियम १९९० चं! मॅडन तिथे आला २००६ ला. त्याचं पाप याच्या माथी का?

पोळपाट
मी इथे अमेरिकेत एका निवाऱ्याच्या स्वयंपाकघरात अधूनमधून जाते. थँक्सगिव्हिंगला मदतनिसांची इतकी झुंबड की ग्रेव्हीच्या एका डावाला दोन-दोन जण, आणि मागे सेल्फीवाले. पुढच्या आठवड्यात कांदे चिरायला माणूस मिळत नाही. त्यामुळे मॅडनने दिवस अचूक हेरले एवढं नक्की. जानेवारी त्याहून कोरडा जातो, पण तेव्हा कोण सेलिब्रिटी येतोय!

मधला
त्याच्या 'रिस्पेक्ट ९०' फाउंडेशनने 'ट्राय नॉट टू सक' (सभ्य भाषेत: माती खाऊ नका) छापलेले टीशर्ट विकूनही सत्कार्यासाठी पैसा उभा केला. (सासऱ्यांसमोर घालू नये असा मजकूर.) नावाला वलय असलं की लोक खिशात हात घालतात, हे का नाकारायचं?

तिरकस
नाकारत नाही. पण जानेवारी २०२४ च्या सरकारी मोजणीत अमेरिकेत एका रात्रीत ७ लाख ७० हजारांवर बेघर होते. टीशर्ट विकून हे आटोपणार? टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराने काय केलं बघा. व्यसन सोडा मग बघू, असली अट न घालता आधी घराची चावी हातात दिली. महापालिका, काउंटी (जिल्हा प्रशासन), संस्था सगळे एका यादीवर काम करायला लागले. २०११ नंतरच्या दशकात तिथले बेघर निम्म्याहून कमी झाले. उलट २०२४ मध्ये ग्रँट्स पास या शहराच्या खटल्यात अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, निवाऱ्यात जागा नसली तरी उघड्यावर झोपणाऱ्यांना शहरं दंड करू शकतात. आता वाढा पिरोगी.

पोळपाट
ह्यूस्टनबद्दल शंभर टक्के सहमत. पण यादीत नाव लागल्यापासून चावी मिळेपर्यंत कित्येक महिने जातात, तोवर ती माणसं जेवतात आमच्यासारख्यांकडेच.

तिरकस
मग धागा तुमच्यावर काढायला हवा होता की, मॅडनवर कशाला?