सुट्टीतलं नाशिक: नाटक, नाच, गाणं, संग्रहालयं... तुमचे अनुभव लिहा

गंगाकाठ
दिवाळीची सुट्टी लागली की आमच्याकडे एकच विषय, पोरांना न्यायचं कुठं, आणि मग मॉल नाहीतर वॉटरपार्क. खरं तर दिवाळीपासून नाताळपर्यंत आपल्या नाशकात आणि आजूबाजूला केवढं काय काय चालू असतं, पण बोर्ड लागतो नाट्यगृहाच्या दारात आणि आपण त्या रस्त्याने जातच नाही म्हणून कळत नाही. त्यासाठी हा धागा. स्वतः पाहिलेलं, केलेलं लिहा, ऐकीव नको. सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर काय सोयीचं पडतं तेही सांगा.

माझ्याकडून पिंपळपारावरची पाडवा पहाट. नेहरू चौकात दिवाळी पाडव्याला उजाडायच्या आत गाणं सुरू होतं, गावातल्या गल्ल्यांमधून चालत जायचं, दारोदार ताज्या रांगोळ्या, आणि पारापाशी बसायला जागा मिळाली की बास. सासऱ्यांना मुद्दाम नेलं होतं. ते आयुष्यभर रेडिओवर शास्त्रीय ऐकत आले, पण ललित सारखा राग त्याच्या खऱ्या वेळेला, समोर बसून, अंगावर शाल घेऊन ऐकणं हे त्यांना पहिल्यांदाच मिळालं. तानपुरा जुळवत होते तेव्हापासून ते डोळे मिटून बसले ते ऊन अंगावर आल्यावरच हलले. दर वर्षी जा, लवकर जा, मागे उभं राहून मजा नाही.

सातपूर_कॉलनी
राज्य नाट्य स्पर्धेबद्दल कोणीतरी लिहायलाच पाहिजे म्हणून मीच लिहितो. हौशी मराठी नाटकांची प्राथमिक फेरी, नाशिक केंद्र, साधारण नोव्हेंबर डिसेंबरमध्ये असते, परशुराम साईखेडकर नाट्यगृहात. तिकीट अगदी नाममात्र. मी कंपनीत फिटर आहे आणि आमच्या ग्रुपचं नेपथ्य बघतो. सकाळी टेम्पोतून फ्लॅट (भिंतींच्या चौकटी), लेव्हल (लाकडी चौथरे) उतरवायच्या, संध्याकाळपर्यंत अख्खं घर उभं करायचं, लाइट लावून घ्यायचे, आणि प्रयोग संपला की त्याच रात्री सगळं खोलून स्टेज मोकळं करून द्यायचं कारण उद्या दुसऱ्यांचं नाटक असतं. पडद्यामागून तिसरी घंटा ऐकताना पोटात जे होतं ते मला कुठल्याच दुसऱ्या कामात होत नाही. आमची हिरॉइन शाळेत शिपाई आहे, बापाचं काम करणारे काका रिक्षा चालवतात, ड्युटी संपवून तालमीला यायचे, आणि मला मनापासून वाटतं की या लोकांची कामं बघितली पाहिजेत, मोठ्या नटांचं व्यावसायिक नाटक तर आपण बघतोच. प्रेक्षक पन्नास असले आणि दोनशे असले तर नाटकच वेगळं होतं राव, खरंच या.

उपनगर_नाका
दादा, सहा वर्षांचा मुलगा चालेल का?

सातपूर_कॉलनी
@उपनगर_नाका विषय कधी कधी जड असतात, मोठ्यांचे. लहानाला बालनाट्य दाखवा, त्याची पण राज्य स्पर्धा असते. आणि प्रयोग संपल्यावर बाहेर थांबा, मेकअप न उतरवलेली पोरं भेटतात, त्याला तेच आवडेल बघा.

सोळा_मात्रा
मी लग्नानंतर, मुलं मोठी झाल्यावर कथक शिकायला लागले. नाताळच्या सुट्टीत क्लासचा कार्यक्रम असतो, अगदी छोट्या मुलींपासून माझ्यासारख्या बायकांपर्यंत सगळ्या. लोक पोशाख बघतात, पण माझं म्हणणं आहे की कथक कानांनी बघा. एका पायात शंभर घुंगरू म्हणजे चांगलंच वजन, सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवलेले असतात, आणि तयारी झालेली मुलगी त्यातले थोडेच वाजवू शकते, ठरवून, मग पूर्ण पाय टाकला की हॉल भरून जातो. हार्मोनियमवर लेहरा फिरत असतो, तीच तीच ओळ, सोळा मात्रांची. तोडा, म्हणजे बोलांवर बांधलेला नाचाचा छोटा तुकडा, नाचायच्या आधी नाचणारी माइकपाशी येऊन बोल म्हणून दाखवते, ती पढंत. शेवटी तोच तुकडा तीनदा येतो, तिहाई, आणि बरोबर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. हे एकदा कोणी शेजारी बसून सांगितलं ना की अगदी न कळणारा माणूससुद्धा समेची वाट बघायला लागतो, माझ्या नवऱ्याचं तसंच झालं, आता तो मांडीवर बोटांनी मोजत असतो.

एक मात्र कळकळीने सांगते. एका सभागृहात आमच्या कार्यक्रमात आपल्या मुलीचा व्हिडिओ काढायला पालक मधल्या वाटेत येऊन उभे राहिले, मागच्या रांगेतल्या एका मुलीच्या आजीला नातीचा नाच दिसलाच नाही. आपल्या मुलीचा नंबर झाला की उठून जाणं हेही करू नका. बाकीच्यांच्या मुली पण वर्षभर घाम गाळून आलेल्या असतात.

गंगाकाठ
@सोळा_मात्रा पालकांबद्दल अगदी बरोबर लिहिलंत ताई.

निवृत्त_कॅशियर
नातवंडं सुट्टीला आली की माझा कार्यक्रम ठरलेला, पांडवलेणी आणि अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय, आणि ते जोडीनेच बघावं.

लेण्यांत लोक मूर्ती बघून, फोटो काढून उतरतात. मी पोरांना 10 नंबरच्या लेण्यात लेखापाशी उभं करतो. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात, त्याने 3000 कार्षापणं (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे ठेवली, 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 शेकडा पाऊण टक्क्याने, मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंचा खर्च. म्हणजे ही मुदत ठेवच झाली, तीही दगडावर लिहून दिलेली! बँकेत जन्म गेलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. मग 3 नंबर. तिथं व्हरांड्याखाली दगडी गण खांद्यावर तुळया घेऊन बसलेत, नातीने त्यांच्यासारखं बसून बघितलं. आणि तिथल्याच लेखात गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, नायनाट केल्याचं कोरलंय, त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने.

आता याचा पुरावा नाण्यात. 1906 मध्ये आपल्या जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर नाणी, आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारलेला. अंजनेरीला 1980 पासून नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघताना नातवाला हे सांगितलं. जुन्या राजाचा चेहरा, आणि त्याच्यावरच नव्या राजाचं डोंगराचं चिन्ह. तो म्हणाला, आजोबा म्हणजे नोटबंदी नाही केली, त्याच नोटा चालवल्या. मला इतका आनंद झाला त्या वाक्याचा की काय सांगू.

सिन्नरची_लेक
आमच्याकडचं गारगोटी संग्रहालय, सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत. माहेरी विहीर खणताना सुरुंग लावला की दगडाच्या पोटात चमकणारे स्फटिक निघायचे, आम्ही ते खेळायला घ्यायचो. लाव्हा थंड होताना बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात आणि त्यात पाणी झिरपून हे खनिज धरतं, झिओलाइट म्हणतात. वडिलांना घेऊन गेले, अपोफिलाइटचा हिरवा तुकडा काचेत बघून ते पुढे सरकेनात, म्हणाले असले आम्ही बांधावर फेकलेत. तिथून सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरातही जा.

पावरीवाला_मास्तर
मी सुरगाण्याकडे शिक्षक आहे. सगळे शहरातलं लिहितायत म्हणून इकडचं लिहितो. मार्गशीर्षात आमच्याकडे कोकणा, भिल्ल गावांमध्ये डोंगऱ्या देव असतो, प्रत्येक गावात दर वर्षी नाही. जे व्रताला बसतात त्यांना माऊली म्हणतात, ते पाळणूक, म्हणजे व्रताचे नियम पाळतात, पावरीच्या सुरावर गोल धरून नाचतात, पौर्णिमेला डोंगरावर जातात. पावरी म्हणजे वाळलेला दुध्या, बांबू आणि पुढे शिंग. हातात घेतली तर हलकी, पण वाजवणारा मध्ये न थांबता वाजवत राहतो, गाल फुगलेले, आणि नाच थांबेपर्यंत सूर तुटू देत नाही.

नाशिकहून गाड्या भरून लोक आले तर आम्हाला आनंदच आहे, पण हा शो नाही, व्रत आहे. आधी गावात विचारा, चपला कुठं काढायच्या ते विचारा, मोबाइल मध्ये घुसवू नका. कोणी आमच्या माणसाला पैसे देऊन "परत एकदा नाचा" म्हणू नका, तसं झालंय आणि फार वाईट वाटतं. मुखवट्यांची सोंगं बघायची असतील तर बोहाडा होळीनंतर असतो, रात्रभर, गणपतीचं सोंग आधी येतं. एकेक सोंग एकेका घराच्या मानाचं असतं.

उपनगर_नाका
मास्तर, बोहाड्याला नक्की येणार. @निवृत्त_कॅशियर काका, आईला गुडघ्यांचा त्रास आहे, पांडवलेण्याला जमेल का?

निवृत्त_कॅशियर
पायऱ्या बऱ्याच आहेत, नाही जमायचं. त्यांना खाली बुद्धविहारात बसवा, छान गार असतं, सोबत कोणीतरी थांबा. तुम्ही सकाळी लवकर चढा, उन्हाच्या आत उतराल. आणि माकडांमुळे खाऊची पिशवी हातात ठेवू नका.