लंब अंतर आणि मिस्त्रींचा पाना

मोमेंट, म्हणजे एखाद्या बिंदूभोवती फिरवण्याचा बलाचा जोर, कसा काढायचा यावर एकांनी लिहिलंय की त्या बिंदूपासून बल लावलेल्या जागेपर्यंतचं अंतर मोजायचं, बलानं गुणायचं, झाला मोमेंट. बल त्या अंतराला काटकोनात असलं तरच हे चालतं बघा. एरवी अंतर धरायचं ते बिंदूपासून बलाच्या क्रियारेषेवर (बल ज्या सरळ रेषेत लागतं ती, दोन्हीकडे वाढवलेली) टाकलेल्या लंबाचं. बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात उमेदवारी करताना पाना तिरका धरला की आमचे मिस्त्री ओरडायचे, "नट फिरवायलास की पाना ओढायलास रे?" दांड्याच्या दिशेनं कितीही ओढा, रेषा नटाच्या मध्यातूनच जाणार, मोमेंट शून्य.

पण लंब काढण्यातच निम्मी पोरं अडकतात. त्यापेक्षा बलाचे उभा आणि आडवा असे दोन घटक करून त्यांच्या मोमेंटची बेरीज घ्या; फ्रेंच गणिती वॅरिग्नॉनचं प्रमेय ते हेच (१६८७ चं, न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' आला तेच साल). समजा बिंदूपासून ०.४ मीटर उजवीकडे आणि ०.३ मीटर वर असलेल्या टोकाला १०० न्यूटन बल आहे, आडव्याशी ३० अंश करून उजवीकडे वर जाणारं. उभा घटक ५०, आडवा ८६.६. उभ्याचा मोमेंट ०.४ × ५० = २०, घड्याळाच्या उलट. आडव्याचा ०.३ × ८६.६ = २५.९८, घड्याळाप्रमाणे. उरले जेमतेम ६ न्यूटन-मीटर, तेही घड्याळाप्रमाणे! सुरुवातीच्या रीतीनं टोकापर्यंतचं थेट अंतर ०.५ मीटर धरून ०.५ × १०० = ५० आले असते. बल वर जातंय म्हणून ते घड्याळाच्या उलट फिरवणार, असं मीही आकृती बघून छातीठोक सांगितलं असतं.