सभेत अध्यक्षांनी ठामपणे कसे बोलावे?

प्रश्न (परळ):
मी आमच्या गृहनिर्माण संस्थेची अध्यक्ष आहे. पुनर्विकासाच्या सभेत चार-पाच सभासद एकदम मोठ्याने बोलू लागले की माझे म्हणणे बुडून जाते आणि वृद्ध सभासदांच्या पर्यायी निवासाच्या भाड्याचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तसाच राहतो. आवाज न चढवता मुद्दा कसा पोहोचवावा?

उत्तर (गिरगाव, माजी सचिव):
ताई, आधी नियम बोलू द्यावेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार अशा सभेला दोन-तृतीयांश सभासदांची उपस्थिती लागते आणि सभेचे चित्रीकरणही करावे लागते. हे सुरुवातीलाच शांतपणे सांगितले, की आपला प्रत्येक शब्द नोंदला जात आहे याचे भान सभागृहाला राहते. भाड्याचा प्रश्न विषयपत्रिकेवर स्वतंत्र विषय म्हणून घ्यावा. 'आयत्या वेळचे विषय' यांत तो टाकू नये, कारण तोवर निम्मे लोक घरी गेलेले असतात.

उत्तर (दादर):
नियम हवेतच, पण तेवढ्याने भागत नाही. मोठ्याने बोलणाऱ्यांच्या घरी सभेआधी स्वतः जावे. आमच्याकडील सर्वांत कडव्या विरोधकाला केवळ करारातील बँक हमीची चिंता होती, आणि ती कोणी विचारलीच नव्हती.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. रविवारी दोघांच्या घरी जाते आणि भाड्याचा विषय पत्रिकेत दुसऱ्या क्रमांकावर घेते.