'पेड सबस्क्रायबर'ला मराठीत काय म्हणावं?

दर पंधरवड्याला मी एक कथा वाचकांना सबस्टॅकवरून ईमेलने पाठवते. (सबस्टॅक म्हणजे लेखकांना आपलं लेखन वाचकांना ईमेलने, हवं तर पैसे घेऊन, पाठवता येतं ते संकेतस्थळ.) तीन वर्षं हे विनामोबदला चाललंय. दिवाळीपासून निम्म्या कथा पैसे भरणाऱ्यांनाच पाठवायचं ठरवलंय, पण निवेदन लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. 'वर्गणी' लिहिलं की पावतीपुस्तक घेतलेली मंडळाची पोरं दारात दिसतात, 'काकू, यंदा 501 तरी!' 'सशुल्क सदस्यता' लिहिलं की वाहनतळाची पाटी आठवते. आणि जे पैसे भरणार नाहीत ते कोण? फुकट वाचक?

— 'फुकट' नकोच, मागोमाग 'फुकट्या' येतो. 'मोफत' म्हटलं की आरोग्य शिबिर. विशेषण वाचकाला लावूच नका, कथेला लावा: खुल्या कथा आणि वर्गणीदारांच्या कथा.

— ताई, वर्गणीची लाज कसली? हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' साप्ताहिक 1890मध्ये निघालं, त्यात त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत. सलमान रश्दींनी 2021मध्ये सबस्टॅकवर लघुकादंबरी हप्त्याहप्त्याने दिली, ती त्याच वाटेने. किंमत वस्तूची असते, शुल्क परीक्षेचं किंवा प्रवेशाचं, आणि देणगी दिली की देणारा मोकळा. एखादं काम चालू राहावं म्हणून बऱ्याच जणांनी आपापला वाटा घालायचा, ती वर्गणी. गणपतीलाही म्हणूनच तो शब्द. क्रियापदं बघा: पेपर 'लावतात', देणगी 'देतात', वर्गणी 'भरतात'. भरण्यात थोडी बांधिलकी आहे. तुम्हाला तीच हवी आहे ना? 'सदस्यता' हिंदीतून आली, आपल्याकडे 'सदस्यत्व' आहे. पण सदस्य झालो की वार्षिक सभेला बसावं लागेल असं वाटतं.

— मी 'रतीब' सुचवणार होतो. दुधासारखी कथा ठरल्या दिवशी दारात. मूळ अरबी शब्द, पूर्वी घोड्याहत्तींच्या रोजच्या खुराकालाही रतीबच म्हणत. पण 'कथांचा रतीब घालते' असं कुणी म्हटलं तर ते कौतुक नसतं, तेव्हा मागे घेतो.

— (मूळ प्रश्नकर्ती) रतीब बाद! 'हप्ता'ही मनात होता, कथेचाही आणि पैशाचाही म्हणून. पण 'तुमचा हप्ता आला नाही' हे वाक्य मोठ्याने वाचून पाहिलं, नाक्यावरचा दादा बोलल्यासारखं वाटलं. आणखी एक अडचण. जास्त पैसे देणाऱ्यांसाठी सबस्टॅकवर 'फाउंडिंग मेंबर' असा वेगळा दर आहे. मी 'संस्थापक सदस्य' लिहिलं, तर भाऊ विचारतो, शेअर किती देणार?

— जुन्या नियतकालिकांत त्यांना 'आश्रयदाते' म्हणत. संस्थानिकांना शोभेल असा शब्द आहे. 'हितचिंतक' चांगला होता, पण वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या शेजारी उभा राहून त्याची रया गेली. तरी मी हितचिंतकच घेईन.

— माझा प्रश्न वेगळा. सबस्टॅक वर्गणीतले 10 टक्के ठेवून घेतं, ते कमिशन, दलाली की अडत? मला 'अडत' आवडेल. माल शेतकऱ्याचा, कट्टा अडत्याचा.

— 'ऑटो रिन्यूअल'चं 'स्वयंचलित नूतनीकरण' मात्र करू नका. नूतनीकरण परवान्याचं असतं. 'बंद करेपर्यंत वर्गणी दरवर्षी आपोआप भरली जाईल' असं सरळ लिहा. मुदत संपताना काय लिहायचं ते तर तयारच आहे, जुन्या मासिकांच्या वेष्टनावर शिक्का असायचा: 'आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे.'

— (मूळ प्रश्नकर्ती) तो शिक्का आजोबांच्या गठ्ठ्यात सापडला, जांभळ्या शाईतला! तर निवेदन असं: 'दिवाळीपासून महिन्याला दोन कथा. एक खुली, एक वर्गणीदारांसाठी. वार्षिक वर्गणी फक्त 600 रुपये.'

— 'फक्त' आधी नको, तो सेलचा 'फक्त' झाला. '600 रुपये फक्त' लिहा, पावतीसारखं.